शनवार तेली

आमच्या नागपूर-चांद्याच्या बाजूला तेल्यांच्या जुन्या पोटजातींची नावे बैलांवरून पडली. घाण्याला एक बैल जुंपणारे ते एकबैले, जोडी जुंपणारे ते दोनबैले. कोकणात याच धंद्यातली माणसे वारांवरून ओळखली जात. सोमवारी घाणा बंद ठेवणारे सोमवार तेली, शनिवारी बंद ठेवणारे शनवार तेली. धंद्यावरून पडलेली नावे मराठीत उदंड आहेत. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, कासार, सगळी नावे माणसाच्या हातून काय घडते ते सांगतात. तो हात कोणत्या दिवशी आवरला जातो हे सांगणारे नाव मात्र विरळा. भिवापुरात मिरचीच्या हंगामात हाताला क्षणाची सवड नसते. तिथे बसून विचार करताना हे नाव मला फार मोलाचे वाटत आले आहे.

शनवार तेली म्हणजे कोकणातले बेने इस्रायल, मराठी ही ज्यांची घरची भाषा असे ज्यू. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि बुडालेल्यांना तिथेच माती दिली गेली. हे केव्हा घडले यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पुढे हे लोक आजच्या रायगड जिल्ह्यात गावोगाव पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि गावांची नावे लावून पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर, दिवेकर झाले. हिब्रू भाषा विसरली गेली. धर्मग्रंथ जवळ नव्हते, धर्मगुरू नव्हते, प्रार्थनेला घर नव्हते. उरले ते मोजके: मुलाची आठव्या दिवशी सुंता, पर आणि खवले असलेलीच मासळी खाणे, देव एकच आहे अशी ग्वाही देणारी 'शमा इस्रायल' ही प्रार्थना, आणि शनिवार. दावीद राहाबी नावाचा एक ज्यू कोकणात आला आणि त्याने यांना ओळखले, अशी आठवण समाजात सांगतात. बायकांपुढे मासळी ठेवून त्याने परीक्षा घेतली, बिनखवल्यांची मासळी त्यांनी बाजूला काढली, अशी ती गोष्ट आहे. मला वाटते, मासळीपर्यंत जायची गरजही नसावी. शनवार तेल्याचे घर कोणते, एवढे विचारले असते तरी गावातल्या पोराने हात धरून नेले असते.

या समाजाने शब्द किती मोकळेपणाने घेतले ते पाहिले की शनिवारचे महत्त्व आणखी कळते. सणांची हिब्रू नावे गेली आणि त्यांच्या जागी नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण अशी स्वयंपाकघरातली नावे आली. दारे लावून, उपास करून घरात बसायचा दिवस तो दारफळणीचा सण. बाहेरच्या जगात त्याला योम किप्पूर म्हणतात. प्रार्थनेचे घर झाले तेव्हा त्याला 'मशीद' म्हणायला यांना अडचण वाटली नाही. सॅम्युअल एझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला पहिले सिनेगॉग बांधले, तेच पुढे 'जुनी मशीद' म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि मशीद बंदर स्टेशनाचे नाव तिच्यावरून आले असे मानतात. पुण्यात १८६७ मध्ये उभे राहिलेले सिनेगॉग गावाच्या तोंडी 'लाल देऊळ' झाले. प्रार्थनेनंतर एकमेकांचे हात हातात घेऊन बोटे ओठांना लावायची, या रीतीला बेने इस्रायल 'हातबोशी' म्हणतात. फारसी 'दस्तबोसी'तला दस्त काढून तिथे आपला हात ठेवला, बोसा तसाच राहू दिला. मशीद, देऊळ, उरूस, रोजा, जो शब्द शेजारच्याने दिला तो यांनी आपला केला. दिवस मात्र दुसऱ्या कोणाचा घेतला नाही. सोमवार घेतला असता तर सोमवार तेल्यांत मिसळून गेले असते आणि आज त्यांच्याविषयी लिहायला काही उरले नसते.

शनिवारसाठीचा हिब्रूतला 'शब्बाथ' हा शब्द 'शबात' या क्रियापदाच्या घरातला. अर्थ थांबणे, हातातले सोडून देणे. सात या अर्थाचा 'शेवा' हा शब्द कानाला जवळचा वाटतो, पण तो निराळ्या धातूचा आहे. आपण शब्बाथाला 'विश्रांतीचा दिवस' म्हणतो तेव्हा थोडी गफलत होते. विश्रांतीत श्रम आहे. आधी श्रमायचे, मग श्रम उतरवायचा. जो दमला नाही त्याला विश्रांतीची गरज नाही असा अर्थ त्या शब्दातून आपोआप निघतो. शब्बाथाला थकव्याची अट नाही. दमलेल्याने थांबायचे आणि न दमलेल्यानेही थांबायचे. उलट ज्याच्या अंगात अजून चार घाणे काढायची ताकद आहे, गिऱ्हाईक दारात आहे, तीळ निवडून तयार आहेत, त्याच्यासाठीच हा शब्द जास्त कठीण आहे.

हिब्रूत बाकीच्या वारांना नावेच नाहीत. पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस, अशी मोजणी सहापर्यंत चालते आणि सातव्याला तेवढे नाव मिळते. आपल्याकडे सातही वार ग्रहांच्या नावांचे. शनी संस्कृतात शनैश्चर, म्हणजे हळूहळू चालणारा. त्याचेच दुसरे नाव मंद, आणि म्हणून जुन्या मराठी कागदांत शनिवारी 'मंदवासर' अशी मिती घातलेली दिसते. हिब्रूत शनी या ग्रहाला 'शब्बथाय' म्हणतात. आपल्याकडे ग्रहावरून वाराला नाव मिळाले, तिकडे वारावरून ग्रहाला. आकाशातला तोच संथ तारा पाहून एकाला चाल आठवली, दुसऱ्याला थांबा.

शनिवार आपल्याकडे थोडा धास्तीचा वार. साडेसातीचे लोक त्या दिवशी शनीला आणि मारुतीला तेल घालतात, आणि त्याच दिवशी तेल विकत घेऊन घरी आणू नये असेही पुष्कळ घरांत मानतात. शनवार तेल्याचा बंद घाणा कोकणातल्या गावाला खटकला नाही, यामागे ही समजूत थोडीफार असावी असा माझा अंदाज आहे. शिवाय वार पाळणारे तेली गावाला नवीन नव्हतेच. सोमवार तेली शेजारीच होते. गावाने यांच्याकडे परदेशी धर्माचे लोक म्हणून पाहिले नाही. तुमचा वार कोणता, तर शनवार, एवढ्या एका प्रश्नात जागा लागली.

हिब्रू शब्बाथ अरबीत 'सब्त' झाला आणि फारसीत 'शंबा'. फारसीतले वार या शंब्यापासून मोजतात: यकशंबा, दोशंबा, सेशंबा. ताजिकिस्तानच्या राजधानीचे नाव दुशांबे, म्हणजे सोमवार, कारण तिथे पूर्वी सोमवारचा बाजार भरत असे. नागपूरकराला हे समजावून सांगावे लागत नाही. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी ही आपल्या शहरातली वस्त्यांची नावे त्याच रीतीची. पण दुशांबेच्या नावात शनिवारचा थांबा दडलेला आहे, इतवारीच्या नावात बाजार तेवढा आहे. आठवडा हा शब्दही आपण बहुतेक बाजाराशीच जोडून वापरतो. या बुधवारपासून पुढच्या बुधवारपर्यंत, दोन्ही टोके धरून आठ दिवस, म्हणून आठवडा. नागपूरकडच्या बोलण्यात तो 'हप्ता' होतो, फारसी 'हफ्त' म्हणजे सात. सात म्हणा की आठ, हिशेब बाजारापासून बाजारापर्यंतचा.

आता घाण्याकडे येऊ. मराठीत 'घाण्याचा बैल' म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. डोळ्यांवर झापड, मानेवर जू, भोवती तेवढेच रिंगण. लाट फिरते, तेल खाली गळते, ढेप वर राहते, आणि दिवसभर चालूनही बैल जागच्या जागी. ज्याच्या कष्टाला शेवट नाही अशा माणसासाठी भाषेने निवडलेला हा प्राणी आहे. 'झापडबंद' हा शब्दही त्याच्याच डोळ्यांवरून आला असावा. या बैलाला शनवार तेल्याच्या दारात सात दिवसांतून एकदा झापडेशिवायचा दिवस मिळत होता, कारण बैलावाचून घाणा फिरत नाही, आणि घाणा बंद तर बैल मोकळा.

हे मी कल्पनेने रंगवत नाही. ज्यू धर्मशास्त्रातल्या दहा आज्ञांपैकी शब्बाथाच्या आज्ञेत बैलाचे आणि गाढवाचे स्पष्ट नाव आहे. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा चाकर, तुझी दासी, तुझे जनावर, तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका, अशी ती यादी चालते. दुसऱ्या एका ठिकाणी कारणही दिले आहे: बैलाने आणि गाढवाने विसावावे, दासीच्या मुलाने आणि परक्याने दम घ्यावा. 'दम घ्यावा' हे शब्द मी मुद्दाम वापरले. मूळ हिब्रू क्रियापद 'नेफेश' या शब्दापासून आले आहे. नेफेश म्हणजे प्राण, श्वास, जीव. मराठीत त्याला याहून नेमका शब्द मला सापडत नाही. आपला दम फारसी, त्याचा अर्थ श्वास. 'दमणे' मात्र संस्कृत 'दम्'पासून, म्हणजे वठणीवर आणणे, माणसाळवणे. जुंपायला तयार झालेल्या खोंडाला संस्कृतात 'दम्य' म्हणतात. जुवाखाली आला म्हणून दमला, जू उतरले म्हणून दम घेतला. दोन भाषांतले दोन शब्द मराठीच्या गोठ्यात एकाच दावणीला आले. त्याच धर्मग्रंथात पुढे असे म्हटले आहे की सृष्टी निर्माण करून झाल्यावर खुद्द देवाने थांबून दम घेतला. देवासाठी आणि दासीच्या मुलासाठी क्रियापद एकच आहे. हे वाचल्यापासून शब्बाथ हा मला प्रामुख्याने मालकाला सांगितलेला नियम वाटतो.

आपल्या बोलीतले विसाव्याचे शब्द तपासून पाहिले तर मालक आणि चाकर यांचे नाते त्यांत स्वच्छ दिसते. 'रजा' अरबी 'रिझा'वरून आली. मूळ अर्थ संमती, मर्जी. रजा घेतो तो परवानगी घेतो, म्हणजे त्याचा वेळ आधीच दुसऱ्याचा झालेला असतो. 'सुटी' सुटणे या क्रियापदाची. जो बांधलेला असतो तोच सुटतो. आणि 'खाडा' तर सरळ नुकसानीचा शब्द. सालगडी आजारी पडला की त्याचा खाडा पडतो. वर्षाच्या शेवटी खाडे मोजतात आणि ते भरून द्यावे लागतात किंवा सालातून कापले जातात. आमच्या भागात सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागेवर, देठ खुडणाऱ्या बाया असतात. दिवसभर तिखटात बोटे, डोळ्यांना पदर लावायचीही चोरी, मजुरी बहुधा वजनावर. त्यांच्या बोलण्यात विश्रांती हा शब्द येत नाही. 'आज खाडा पडला' एवढेच येते, आणि ते हळहळीच्या सुरात येते, कारण त्या दिवशी हातात काही पडलेले नसते.

या सगळ्यांत मला 'विसावा' सर्वांत निर्मळ वाटतो. त्यात परवानगी नाही, बांधणी नाही, तोटा नाही. संस्कृत 'विश्राम' प्राकृतातून येताना त्यातल्या 'म'चा 'व' झाला. ग्राम झाला गाव, नाम झाले नाव, विश्राम झाला विसावा. याच वाटेने भीम झाला भिवा. पंढरपूरच्या भीमेला भिवरा म्हणतात, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लहानपणी घरात भिवा म्हणत ते यामुळेच. भिवापूर या गावनावातला भिवाही त्याच भीमाचा असावा, असे ध्वनीच्या नियमावरून मला वाटते. म्हणजे आमच्या गावाच्या नावात आणि विसाव्यात एकच वळण आहे.

विदर्भात बैलाचा विसावा म्हणजे पोळा. आदल्या दिवशी खांद शेकायची, जुवाने घट्टे पडलेल्या मानेला हळद-लोणी चोळायचे, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण बैलाच्या कानात द्यायचे. हा सण आम्हाला प्राणाहून प्रिय आहे. पण तो वर्षातून एकदा येतो, आणि त्यात कृतज्ञता आहे, ऋण फेडल्याची भावना आहे. शब्बाथ वर्षातून बावन्न वेळा येतो, त्यात सजावट नाही आणि बैलाचे आभारही नाहीत. बैलाचा तो हक्कच आहे. एका दिवसाचा उत्सव माणसाचे मन ओले करतो. स्वभाव बदलायला मात्र पुन्हापुन्हा येणारा दिवस लागतो.

स्वभाव घडणे याला मराठीत फार चांगला शब्द आहे: वळण. 'चांगल्या वळणाचा मुलगा', 'मुलांना वळण लावा', 'अक्षराला वळण नाही', 'अंगवळणी पडले'. वळणे म्हणजे वाकणे, दिशा बदलणे. आंब्याचे रोप एकदा वाकवून सोडले तर पुन्हा सरळ होते. रोज थोडे बांधले तर वळते. एखादी गोष्ट पटणे वेगळे आणि अंगवळणी पडणे वेगळे. शनवार तेल्यांजवळ पटवून देणारे ग्रंथ नव्हते. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात शब्बाथाला वर्ज्य अशी एकोणचाळीस कामे मोजली आहेत: नांगरणे, पेरणे, मळणे, पाखडणे, निवडणे, दळणे, कणीक मळणे, भाजणे, शिवणे, दोन अक्षरे लिहिणे. फळांतून रस आणि तेल पिळून काढणे यातल्या मळणीच्या पोटात घातले आहे. देठ खुडणाऱ्या आमच्या बायांचे कामही या यादीत बसले असते. कोकणातल्या तेल्याला ही यादी ठाऊक नव्हती. शनिवारी लाट हलवायची नाही, हे त्याला वडिलांकडून मिळालेले होते, वडिलांना आजोबांकडून. युक्तिवाद गळून गेले आणि वळण राहिले.

त्या वळणाने माणसात काय घडत असेल? शुक्रवारी दिवस मावळायच्या आत स्वयंपाक आटपायचा, कारण पुढे चूल पेटणार नाही. पाणी आणि तेल घातलेल्या काचेच्या भांड्यात वात तरंगत ठेवायची. काळ्या मनुका भिजवून काढलेल्या शरबतावर आशीर्वाद म्हणायचा, द्राक्षमद्याच्या जागी बेने इस्रायलांनी हे शरबत धरले. हे सगळे आदल्या दिवशी उरकायचे म्हणजे पुढचा विचार करायची सवय लागते. मग शनिवारी सकाळी कोणी तेलाचे मडके घेऊन येते. त्याला उद्या या म्हणायचे. सोमवार तेल्याचा घाणा त्या दिवशी चालूच असतो, गिऱ्हाईक तिकडे जाते. कदाचित कायमचे जाते. तोटा डोळ्यांसमोर होतो आणि माणूस उंबऱ्यावर बसून तो होऊ देतो. लोभ वाईट आहे असे हजार वेळा ऐकण्यापेक्षा असे एकदा बसणे कठीण आहे. हे बसणे ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालले, तिथल्या मुलाला पैशाच्या वर काहीतरी असते हे कोणी सांगावे लागत नाही. बाप कमाई सोडून घरात बसलेला त्याने दर सातव्या दिवशी पाहिलेला असतो.

याहून अवघड गोष्ट अर्धवट कामाची. अर्धी ढेप घाण्यात, अर्धे तेल निघालेले, आणि सूर्य मावळला. ज्यू आचार्यांची शिकवण अशी की शब्बाथ लागला की सगळे काम पुरे झाले असे समजावे. मनाला हे सांगता येणे हा गुण आहे असे मी मानतो, आणि आमच्या शेतकरी-व्यापारी गावांत तो कमी आढळतो. काम पुरे झाल्यावर थांबेन म्हणणारा कधी थांबत नाही, आणि त्याच्याबरोबर त्याचा गडी, त्याची बायको, त्याचा बैल, कोणीच थांबत नाही.

थांबण्याने आपोआप माणूस सुधारतो असे मात्र नाही, आणि हे ज्यू परंपरेलाच आधी कळले होते. आमोस नावाचा संदेष्टा धान्याच्या व्यापाऱ्यांवर संतापतो: हे लोक शब्बाथ केव्हा संपतो याची वाट पाहत बसतात, म्हणजे खोटी मापे घेऊन पुन्हा विकायला मोकळे. घाणा थांबला, मन फिरतच राहिले. दुसरा धोका मराठीतल्या एका शब्दातच दिसतो. नियम पाळणे आणि दुसऱ्यावर पाळत ठेवणे यांत अंतर फार थोडे आहे. जिथे वार पाळणारे एकमेकांच्या धुराड्यातून धूर निघतो का ते पाहू लागतात, तिथे स्वभावाला वेगळेच वळण लागते.

'पाळणे' या क्रियापदाशी थोडे थांबले पाहिजे. आपण गाय पाळतो, शब्द पाळतो, वेळ पाळतो, वार पाळतो. जपणे, पोसणे, राखणे, इमान ठेवणे हे सगळे त्यात आहे. दहा आज्ञा ज्यू ग्रंथांत दोनदा येतात, आणि शब्बाथासाठी दोन वेगळी क्रियापदे येतात: एकीकडे 'आठव', दुसरीकडे 'राख'. आठवण्याच्या पाठात कारण सृष्टीच्या निर्मितीचे दिले आहे. राखण्याच्या पाठात कारण गुलामीचे आहे: तू मिसरात दास होतास. ज्याला एकेकाळी रजा मागायचीही सोय नव्हती, त्याने मालक झाल्यावर दुसऱ्याच्या दमाचे भान ठेवावे. मराठी 'पाळणे' या दुसऱ्या क्रियापदाच्या अगदी जवळ जाते, आणि त्यात पोसण्याची भर घालते.

दासाच्या बाजूने हीच गोष्ट मराठी माणसाने मुंबईत मागितली. नारायण मेघाजी लोखंडे, 'दीनबंधु'चे संपादक आणि फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते. त्यांनी १८८४ मध्ये बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली आणि गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुटीची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो कामगारांचाही, असे लोखंडे मांडत. साहेबाचा रविवार त्यांनी जेजुरीच्या वाटेने आणला. त्याच मुंबईत बेने इस्रायल कारकून, मिस्त्री आणि रेल्वेतले नोकर होऊ लागले होते, आणि त्यांच्यापुढे उलटा पेच होता: सुटी रविवारी, वार शनिवार. घाणा आपला होता तेव्हा तो आपण थांबवला. कचेरी आपली नव्हती. पुष्कळांना शनिवारी कामावर जावे लागले. वार पाळायला हाती थोडी मालकी लागते, हे या समाजाने आणि गिरणी कामगारांनी दोन बाजूंनी अनुभवले. म्हणूनच सातऱ्यावरच्या बाईला विसाव्याचे महत्त्व सांगत बसण्यात अर्थ नाही. तिचा खाडा पडू न देता सातरा बंद ठेवणारा मालक हवा. शब्बाथाची आज्ञा ज्याला उद्देशून आहे, तो तोच.

हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. तो छापला गेला १९३७ मध्ये तेल अवीवला. शिकलेल्या त्यांच्या पिढीला 'शनवार तेली' हे नाव नकोसे झाले होते. त्यात जातीच्या उतरंडीतली खालची पायरी होती, आणि ते दुसऱ्यांनी दिलेले होते. बेने इस्रायल, इस्रायलची लेकरे, हे नाव त्यांनी स्वतःसाठी धरले आणि ते योग्यच केले. आता घाणेही राहिले नाहीत. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, तिथे त्यांना आपले ज्यूपण सिद्ध करायला झगडावे लागले आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेने त्यांना सर्वांच्या बरोबरीचे मानले. मराठीचे काम करणाऱ्या एखाद्या कोशकाराला मात्र माझी विनंती आहे. हा शब्द फक्त 'एक जात' असा अर्थ देऊन तेल्याच्या पोटात टाकू नये. 'पाळणे' या नोंदीत, शब्द पाळणे आणि वेळ पाळणे यांच्या शेजारी, 'शनवार पाळणे' असा वाक्प्रयोग द्यावा, आणि उदाहरणात घाणा, बैल आणि परत गेलेले गिऱ्हाईक ही तिन्ही असावीत.